पट्टा पडेपर्यंत व्यायाम थांबू नये: सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी आवाहन

दसरा झाला की बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, केज भागातल्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे निघतात. घरात सेरेब्रल पाल्सीचं मूल असेल तर ते एकतर आजीजवळ मागं राहतं, नाहीतर आईबापाबरोबर फडावर, म्हणजे ऊसतोडीच्या शेतावर, जातं. उपचार दोन्हीकडे थांबतात. पाच-सहा महिन्यांनी पट्टा पडून, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपून, माणसं परत येतात, तोवर पावसाळाभर व्यायाम करून टेकायला लागलेली टाच पुन्हा वर उचललेली असते. हा खंड पडू नये म्हणून आम्ही, या मुलांचे पालक, काही शिक्षक आणि आशाताई, तुमच्याकडे मदत मागतो आहोत.

सेरेब्रल पाल्सी म्हणजे जन्माआधी, जन्मताना किंवा जन्मानंतर लवकरच वाढत्या मेंदूला झालेली इजा. दिवस भरण्याआधी जन्मलेलं कमी वजनाचं बाळ, जन्मल्यावर न रडलेलं बाळ, कावीळ फार वाढलेलं किंवा मेंदूज्वर झालेलं बाळ, यांना धोका जास्त. ही इजा पुढे वाढत नाही. शरीर मात्र वाढत असतं. हाड लांब होतं, ताठर स्नायू त्या वेगानं लांबत नाही, आणि सांधे आखडत जातात. खुब्याचा सांधा हळूहळू निखळणं हा त्यातला सर्वांत दुर्लक्षित भाग. अशा मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलांना हा त्रास होतो. सुरुवातीला दुखत नाही, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. न चालणाऱ्या मुलाच्या खुब्याचा एक्स-रे सहा महिन्यांनी-वर्षानं काढला तरच तो वेळेवर कळतो.

म्हणूनच एक शिबिर, एक व्हीलचेअर, एक फोटो यानं हे काम होत नाही. माप न घेता दिलेल्या खुर्चीत मूल एका बाजूला कलंडतं आणि पाठ आणखी वाकते. देणाऱ्यांची भावना चांगलीच असते, पण मोजपट्टी कुणी आणत नाही. पाय नीट स्थितीत धरून ठेवणारे स्प्लिंट पाय वाढला की लहान पडतात, ते पुन्हा पुन्हा करावे लागतात. मूल मोठं होईपर्यंत हा खर्च सुटत नाही.

सुरुवातही लवकर व्हायला हवी. पहिल्या दोन वर्षांत मेंदू सर्वांत लवचीक असतो. आपल्याकडे नेमकी तीच वर्षं ‘त्याचा मामापण उशिराच चालला’ यात जातात. चार-पाच महिन्यांचं बाळ मान धरत नाही, मुठी सतत आवळलेल्या आहेत, पाय कात्रीसारखे एकमेकांवर जातात, वर्षाच्या आतच ते एकच हात वापरतं, यातलं काही दिसलं तर थांबू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३पासून आहे. त्यात अंगणवाडीत आणि शाळेत तपासणी होते, गरज असलेल्या मुलांना जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवलं जातं. पण पथक अंगणवाडीत येतं त्या दिवशी बाळ कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, असेल, तर ते कुणाच्याच यादीत येत नाही. आणि फडावरून दवाखान्यात न्यायचं म्हटलं तर खाडा पडतो, म्हणजे कामाचा दिवस बुडतो. कोयता, म्हणजे तोडणीची एक जोडी, नवराबायकोचा मिळून असतो, आणि उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, आधीच घेतलेली असते. मग खाड्याचे पैसे कापून घ्यायचे की मुलाचा व्यायाम चुकवायचा, याचं उत्तर पालकांना दोष देऊन मिळत नाही.

सगळ्यात जास्त भर आम्ही आज्यांवर दिला आहे. बाळाला कडेवर पाय फाकवून घ्यायचं, ही आज्यांची जुनीच सवय ताठर पायांसाठी चांगली असते. बदलायला लागतं ते दुसरं: आडवं झोपवून पेज पाजणं. घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो, म्हणून बसवून, मान किंचित पुढे ठेवून, दाटसर भरवायला शिकवतो. ओढून-ताणून जोराची मालिश करू नये, फिटची गोळी मधेच बंद करू नये, हेही सांगतो. ही गोळी फडावर संपते आणि झटके परत येतात, म्हणून निघतानाच हंगामभराच्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर घेऊन द्यायच्या आहेत.

पैसे लागतील ते या गोळ्यांना, स्प्लिंटना, गावोगाव फिरणाऱ्या फिजिओथेरपिस्टच्या मानधनाला आणि गाडीभाड्याला. एकदाच मोठी रक्कम देण्यापेक्षा दरमहा २०० किंवा ५०० रुपये वर्षभर दिलेत तर आम्हाला जास्त उपयोगी. करसवलतीची नोंदणी आमच्याकडे नाही, हे आधीच सांगतो. पावती मात्र प्रत्येक रुपयाची मिळेल.

पैशाशिवायही हवं आहे. वापरून झालेला वॉकर, उभं राहण्याची चौकट, पाठीला दोन्ही बाजूंनी आधार देणारी कोपऱ्याची खुर्ची चालेल. जुने स्प्लिंट नकोत, ते दुसऱ्या पायाला बसत नाहीत. सुतारकाम येणारे कुणी मापानुसार खुर्च्या करून देणार असतील तर लाकूड आम्ही आणू. अपंगत्व प्रमाणपत्र, यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र) आणि निरामय या सरकारी आरोग्य विमा योजनेचे अर्ज भरायला संगणक येणारी मुलं-मुली हवीत. निरामयमध्ये एक लाखापर्यंतचं आरोग्य संरक्षण आहे आणि त्यात थेरपीचाही खर्च बसतो, पण कागदांअभावी कितीतरी घरं त्यापर्यंत पोचतच नाहीत.

पश्चिम महाराष्ट्रात कारखान्याजवळच्या गावांत राहणाऱ्या फिजिओथेरपिस्ट मंडळींना वेगळी विनंती. आठवड्यातून एक संध्याकाळ तुमच्या भागातल्या कोप्यांवर जाता आलं तर कळवा. कुठल्या कारखान्याला कोणतं मूल गेलंय, त्याचे व्यायाम कोणते आणि शेवटचा एक्स-रे कधीचा, हे लिहिलेली वही पालकांबरोबर पाठवणार आहोत.

स्प्लिंटची मापं टोळ्या हलण्याआधी घ्यावी लागतात, म्हणून पहिला हप्ता दसऱ्याच्या आत मिळाला तर बरं. वस्तू नंतर आल्या तरी चालतील.