कामठीच्या दगडाशी भेटलेल्यांचे आभार

नागपूरहून कामठीला तीन उन्हाळे खेपा घातल्या. इंग्रजांच्या छावणीच्या जुन्या दफनभूमीतल्या एका थडग्याच्या दगडावर नाव अर्धं झिजलेलं, साल तर दिसतच नव्हतं. मग एका काकांनी साध्या आरशाने बाजूने तिरपं ऊन पाडलं आणि अक्षरं उठून दिसली! दगड घासू दिला नाही, हे त्यांचं फार मोठं काम.

ग्रंथालयातल्या ताई, तुम्ही सांगितलंत, इंग्रजांच्या काळात कामठीत फौज मद्रासची होती, तर दफनाची नोंदही मद्रासच्या वह्यांत बघा. मी उगाच मुंबईच्या चाळत बसलो होतो. मद्रासच्या वह्यांतच सापडला तो, त्या दगडाखालचा माणूस. फौजेतला सुतार, वय ३१, पटकीने गेला.

तुम्हा दोघांचे मनापासून आभार. काका, त्याचं पूर्ण नाव कळलंय, दिवाळीनंतर तिथेच येतो सांगायला.