संगणकाच्या तासाला ताळाही शिकवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी शाळेत नववी ते बारावीच्या वर्गांना संगणक शिकवते. त्याआधी काही वर्षे हिशेबाच्या कामात होते. कचेरीत नव्याने लागलेल्या मुलांना काय येत नाही हे तिथे रोज पाहिले, आणि ते का येत नाही हे शाळेत आल्यावर कळले. म्हणून हे पत्र.

गेल्या सत्रात अकरावीच्या मुलांना मी वाचनालयाची यादी दिली होती. साडेतीनशे पुस्तके, प्रत्येकाची एक ओळ. लेखकांच्या नावानुसार क्रम लावायचा आणि परत न आलेली पुस्तके शोधायची, एवढेच काम. वर्गातल्या एका हुशार मुलाने फक्त लेखकांचा रकाना निवडला आणि ‘सॉर्ट’ केले. शेजारचे रकानेही सोबत घ्यायचे का, असे प्रोग्रामने विचारले होते. ते न वाचताच तो पुढे गेला. लेखक अकारविल्हे लागले, पुस्तकांची नावे मात्र जागची हलली नाहीत. ज्याच्या त्याच्या पुस्तकावर भलत्याच लेखकाचे नाव आले. फाइल सेव्ह झाली, बंद झाली. पडद्यावर चुकीची खूण कुठेच नव्हती. उलट यादी आधीपेक्षा नीटनेटकी दिसत होती. ‘सॉर्ट’ कोणत्या मेनूत असते, या लेखी प्रश्नाला याच मुलाला पूर्ण गुण होते.

त्याला मी बोल लावत नाही. बटण कुठे आहे हे आम्ही शिकवले. ओळ म्हणजे काय, हे शिकवायचे राहिले. तक्त्यातली ओळ ही एका वस्तूची किंवा एका माणसाची सलग हकिकत असते, ती मधेच तोडता येत नाही, एवढे मनात ठसले असते तर त्याचा हात थांबला असता. माहिती एकमेकांशी जोडलेल्या तक्त्यांत ठेवण्याची कल्पना संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी १९७० साली मांडली आणि तिच्यावर आजही बँकांचे, रुग्णालयांचे कामकाज चालते. ही कल्पना चौदा वर्षांच्या मुलांना नक्की समजते. मी वर्गात विचारते: एका मुलीचा पत्ता शाळेतल्या चार याद्यांत लिहिलेला आहे आणि ती घर बदलते, आता काय करायचे? जरा वेळ चारही याद्या दुरुस्त करण्याची चर्चा होते. मग कुणीतरी म्हणतेच, ‘पत्ता एकाच ठिकाणी ठेवू, बाकीच्या याद्यांत फक्त तिचा नंबर लिहू.’ डेटाबेसचा गाभा पोरांनी आपापला शोधलेला असतो! त्या क्षणासाठी मी शिकवते. तास मात्र बहुतेक मेनूंची नावे पाठ करून घेण्यात जातो.

दुसरी गोष्ट ताळ्याची, म्हणजे आलेले उत्तर पडताळून पाहण्याची. हाताने हिशेब लिहिणारी माणसे रोजकीर्दीवरून, म्हणजे रोजच्या नोंदवहीवरून, खतावणी करत (प्रत्येक नोंद ज्या त्या खात्यात उतरवत) आणि मग जमा-नावे अशा दोन्ही बाजूंच्या बेरजा जुळतात का ते पाहत. इटालियन गणितज्ञ लुका पाचोली यांनी १४९४ साली व्हेनिसमध्ये द्विनोंदी पद्धतीची (प्रत्येक व्यवहार दोन बाजूंना लिहिण्याच्या पद्धतीची) माहिती छापली, तेव्हाही तिचे बळ याच जुळणीत होते. स्प्रेडशीटमध्ये, म्हणजे एक्सेलसारख्या तक्त्यांच्या प्रोग्राममध्ये, हा पहारा आपोआप बसत नाही, तो आपण बसवावा लागतो. संगणक बेरजेत चुकत नाही, पण आपण दाखवू तेवढ्याच चौकटींची बेरीज करतो. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या नामवंत अर्थतज्ज्ञांनी २०१० मध्ये सरकारी कर्ज आणि आर्थिक वाढ यांचा संबंध मांडला. पुढे थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने अभ्यासक्रमातला स्वाध्याय म्हणून तीच आकडेमोड पुन्हा करून पाहिली, ती काही जुळेना. मूळ फाइल मिळाल्यावर दिसले की सरासरीच्या सूत्रात पाच देशांच्या ओळी आल्याच नव्हत्या. २०१३ मध्ये हे जगापुढे आले. निष्कर्षातल्या फरकाला इतरही कारणे होती, आणि तेही मी मुलांना सांगते. पण हा प्रसंग त्यांच्यापुढे दरवर्षी ठेवते, कारण चूक पकडणारा विद्यार्थी होता आणि त्याने ताळा करून पाहिला होता.

इंग्लंडमध्ये २०२० च्या शरद ऋतूत कोविडचे १५,८४१ रुग्ण रोजच्या आकडेवारीतून गळले. तपासण्यांचे अहवाल एक्सेलच्या जुन्या ‘एक्सएलएस’ प्रकारच्या फाइलमध्ये घेतले जात होते आणि तिच्यात ६५,५३६ ओळींच्या पुढे काही मावत नाही. किती नोंदी निघाल्या आणि किती पोचल्या, हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहण्याची सवय लहानपणीच लावता येते.

हे सगळे वाणिज्य शाखेपुरते आहे, असे मला पालकसभेत अनेकदा ऐकवले जाते. ते मला अजिबात पटत नाही. माणसाच्या काही जनुकांची इंग्रजी नावे ‘मार्च १’, ‘सेप्ट १’ अशी होती. एक्सेल त्यांना तारखा समजे आणि परस्पर बदलून टाकी. शोधनिबंधांसोबतच्या तक्त्यांत या चुका इतक्या शिरल्या की जनुकांना नावे देणाऱ्या समितीने शेवटी नावेच बदलली; २०२० मध्ये त्याबाबतचे नियमही जाहीर केले. जीवशास्त्राकडे जाणाऱ्या मुलीला हे माहीत असायला हवे की नको? फोन क्रमांक, खाते क्रमांक हे दिसायला आकडे असले तरी त्यांची कधी बेरीज होत नाही, म्हणून ते मजकूर म्हणून नोंदवायचे. नाहीतर सुरुवातीचे शून्य उडते, आणि सोळा अंकी क्रमांकाचा शेवटचा अंक एक्सेलमध्ये शून्य होऊन बसतो. तारखेचेही तसेच: ०३/०४ म्हणजे मार्च की एप्रिल, हे आधी ठरवून घ्यावे लागते.

पासवर्ड, बॅकअप, फाइलींची नावे यांवर मी इथे लांबण लावत नाही. ते बऱ्याच ठिकाणी शिकवले जाते. एक मात्र सुटते. रकाना लपवला म्हणजे माहिती गेली, असे मुलांना वाटते. सहलीची यादी पाठवताना पालकांच्या फोन क्रमांकांचा रकाना ‘हाइड’ केलेला असतो आणि ज्याच्याकडे फाइल जाते त्याला तो दोन क्लिकमध्ये दिसतो. दुसऱ्याची माहिती आपल्या हाती विश्वासाने आलेली असते, हे मुलांना शिकवायला त्यांच्याच घरच्या क्रमांकांसारखे दुसरे उदाहरण नाही.

शाळेत संगणक कमी आहेत, ही अडचण खरी आहे. पण डॅन ब्रिकलिन यांना स्प्रेडशीटची कल्पना सुचली तीच मुळी हार्वर्डच्या वर्गात, फळ्याकडे पाहताना. एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सगळे आकडे पुसून नव्याने लिहावे लागत. त्यातून १९७९ मध्ये व्हिसिकॅल्क हा स्प्रेडशीट प्रोग्राम आला. मी पहिले दोन आठवडे फळ्यावरच तक्ता आखते. एकेक चौकट एकेका मुलाकडे देते आणि एक आकडा बदलते. ज्याच्या चौकटीवर परिणाम होतो त्याने उठायचे. नंतर संगणकासमोर बसल्यावर सूत्र म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही.

आता सूत्रे कृत्रिम बुद्धिमत्ताही लिहून देते, मग शिकवायचे कशाला, असेही विचारले जाते. लिहून देते, हे खरेच. पण आलेले उत्तर बरोबर आहे का हे पाहणारा माणूस हवा, आणि तसा माणूस घडवायला आमच्या हातात ही चारच वर्षे आहेत.

म्हणून परीक्षा घेणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. प्रात्यक्षिकात मुलांना कोरा पडदा देऊ नका. अस्ताव्यस्त फाइल द्या. तिच्यात एकच नाव तीन तऱ्हांनी लिहिलेले असू द्या, काही ओळी दोनदा आलेल्या, तारखा दोन पद्धतींच्या, एक बेरीज चुकीच्या चौकटींची. निम्मे गुण फाइल सुधारण्याला द्या आणि निम्मे एकाच प्रश्नाला: हे उत्तर बरोबर आहे, हे तू कशावरून म्हणतोस?

अशी फाइल तयार करायला एक संध्याकाळ पुरते. माझ्याकडे सात-आठ तयार आहेत, त्यांतली नावे आणि क्रमांक सगळे काल्पनिक आहेत. आपल्या वाचकांत कुणी शिक्षक असतील आणि त्यांना त्या हव्या असतील, तर आपल्यामार्फत मी त्या आनंदाने पाठवीन.

आपली विश्वासू,
एक संगणक शिक्षिका