येळवशीला भांडायला ये

ता. औसा, जि. लातूर

प्रिय दोस्ता,

सप्रेम नमस्कार. फोनवर आपण दोघंही लवकर चिडतो, म्हणून पत्र लिहायलो.

२०१५ च्या सुरुवातीला मी चार एकर ऊस लावायला निघालो, तेव्हा पारावरचे सगळे ‘लाव’ म्हणाले. त्या सगळ्यांचा ऊस होता, माझाही त्यात असावा असं त्यांना मनापासून वाटत होतं. तू एकटा म्हणालास, “आपला पाऊस ७००-८०० मिलिमीटर, उसाला लागतं २,००० च्या आसपास. बाकीचं कुठून आणणार?” मी उत्तर दिलं नाही. “माझं बरं तुला बघवत नाही,” एवढंच म्हणालो. ते वाक्य अजून सलतं.

मग वर्षभर आपलं बोलणं बंद. खरं सांगतो, ते वर्ष बोलायला फार सोपं गेलं. जे माझ्या मनात, तेच पारावर. कुणी अडवत नव्हतं. बोअर आटला, तेव्हाही सगळे एकाच सुरात पावसाला बोल लावत होते, मीही लावला. शेवटी उभा ऊस चाऱ्याला तोडून दिला. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली. ते टँक बघताना तुझा तो आकडा डोक्यातून जाईना.

त्याच उन्हाळ्यात तू ट्रॉलीभर कडबा घेऊन दारात आलास. पेंढ्या उतरवताना पुन्हा सुरू झालास, “आता तरी तूर लाव.” तुझी वहिनी आतून हसत होती. मला रडू आलं होतं, तुला दिसलं नसेल.

पारावरच्यांना मी नावं ठेवत नाही. आबा गेले, तेव्हा रात्रभर तेच बसले होते, आणि त्या रात्री मला वाद नकोच होता. पण तसलीच माणसं तेवढी जमवायची, हे बरोबर नव्हतं. आपल्या पैठणच्या नाथांचा हिंदू-तुर्क संवाद आठव. दोघं एकमेकांच्या देवाधर्मावर तोंडावर बोलतात, काही शिल्लक ठेवत नाहीत, आणि शेवटी आलिंगन देतात. चारशे वर्षांपूर्वी, तेही धर्मावरून! आपलं तर उसावरून बिनसलं होतं.

सगळ्याच मतभेदांना मी असा दरवाजा उघडणार नाही. माणसाची जात बघून पाण्याचा तांब्या वेगळा ठेवणाऱ्याशी माझी दोस्ती व्हायची नाही. त्याला मी मतभेद म्हणतच नाही.

आता पत्राचं कारण. यंदा विहीर तुडुंब आहे आणि पोरगा ऊस लावायचा म्हणतोय. ठिबकावर निम्म्या पाण्यात भागवतो म्हणतो. तुझा आकडा सांगितला, तर “काकांचा हिशेब पाट-पाण्याचा आहे” म्हणाला. पारावर सगळे ‘लाव’ म्हणायलेत. मलाही मनातून तसंच वाटायलंय, म्हणूनच भीती वाटते.

येळवशीला, आपल्या वेळा अमावास्येच्या शेतातल्या जेवणाला, ये. शेतात कडब्याची कोप उभी करून ठेवतो, भज्जी-आंबील आहेच. तुझी जागा पोराच्या शेजारी. त्याला मी सांगितलंय, काकांशी भांडताना आवाज खाली ठेवायची गरज नाही. तूही ठेवू नकोस. त्याचा ठिबकाचा हिशेब खरा निघाला, तर तेही मला तुझ्याच तोंडून ऐकायचंय.

वहिनींना नमस्कार. त्यांनाही घेऊन ये.

तुझाच,
औश्याचा दोस्त