संज्या, सईच्या पंपाबद्दल

प्रिय संज्या,

सईला डायबेटिससाठी इन्सुलिन पंप घ्यावा का, हे विचारायला परवा तुझा फोन आला तेव्हा मी नाशिकच्या सीबीएस बस स्टँडला गर्दीत उभा होतो, धड ऐकूही येत नव्हतं, म्हणून आता निवांत लिहितोय. वहिनींना पण वाचायला दे.

माझं मत विचारशील तर सईला पंप घ्या. पण यंत्राची किंमत बघून ठरवू नका, महिन्याचा खर्च बघून ठरवा. यंत्र काही लाखांचं, ते कर्ज काढून किंवा मामा-काकांनी मिळून एकदाचं होतं रे, पण इन्फ्युजन सेट (पंपातून अंगात इन्सुलिन नेणारी ट्युब आणि तिच्या टोकाची कॅन्युला, म्हणजे कातडीखाली राहणारी बारीक नळी) दर दोन-तीन दिवसांनी बदलायचा, सोबत रिझर्व्हायर म्हणजे पंपातली इन्सुलिनची कुपी, वर अंगावर लावून शुगर मोजत राहणारा सेन्सर, आणि मी वापरतो त्या मेडट्रॉनिकच्या 780जी चा सेन्सर 7 दिवसांचा असतो, म्हणजे महिन्याला चार तरी लागणारच. पंपाचा ऑटो मोड सेन्सरच्या आकड्यावरच चालतो, दर 5 मिनिटांनी तो शुगर बघून इन्सुलिन कमीजास्त करतो. पैसे नाहीत म्हणून सेन्सर थांबवला तर ज्याच्यासाठी एवढा खर्च केला तेच बंद. म्हणून कंपनीच्या माणसाकडून वर्षभराच्या सामानाचं कोटेशन लेखी घे आणि जळगावला माल किती दिवसांत पोचतो तेही विचार. इन्शुरन्सवाल्यांकडूनही पंप आणि सामान दोन्हीचं लेखीच घे, तोंडी हो म्हणतात त्यावर जाऊ नकोस.

घ्या का म्हणतोय ते सांगतो. सई 13 ची, या वयात ग्रोथ हार्मोनमुळे पहाटे शुगर चढते आणि रात्री घेतलेलं लांब चालणारं इन्सुलिन रात्रभर साधारण एकाच जोराने काम करतं, त्याला पहाटेचे चार आणि रात्रीचे बारा सारखेच. डोस वाढवला की मध्यरात्री शुगर फार खाली, कमी केला की सकाळी अडीचशे. वहिनी अलार्म लावून रात्री तिचं बोट टोचतात हे ऐकून मला फार वाईट वाटलं. पंपात फक्त झटपट काम करणारं इन्सुलिन असतं, ते थेंबाथेंबाने चोवीस तास जातं आणि पहाटेचा वेग वेगळा ठेवता येतो. हाच खरा फायदा, इंजेक्शनं कमी होतात तो नंतरचा.

पण सगळं आपोआप होईल असं सईला सांगू नका प्लीज. जेवायच्या आधी कार्ब, म्हणजे खाण्यातली साखर-पिष्ट, मोजून पंपात आकडा टाकावाच लागतो. आता द्राक्षांचा सीझन, 100 ग्रॅम द्राक्षांत साधारण 17-18 ग्रॅम कार्ब, घरात वजनकाटा असेल तर सोपं जातं. मिसळीचं मात्र अवघड, पावाचा आकडा टाकला तरी तर्रीतल्या तेलामुळे शुगर उशिरा, तीन-चार तासांनी वर जाते, ते हळूहळू अनुभवाने जमतं. मी मिसळ सोडलेली नाही, तिलाही सोडायला लावू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पंपवाल्याच्या अंगात लांब चालणाऱ्या इन्सुलिनचा साठा नसतो, त्यामुळे कॅन्युला वाकली किंवा ट्युब अडकली तर काही तासांत किटोन, म्हणजे इन्सुलिन कमी पडलं की रक्तात साठणारी घातक आम्लं, वाढायला लागतात. शुगर उगाच तीनशेच्या वर गेली आणि पंपातून करेक्शन, म्हणजे शुगर उतरवायचा जादा डोस, देऊनही उतरत नसेल तर आधी पेनाने इन्सुलिन द्यायचं, किटोन तपासायचं, सेट बदलायचा, मग कारण शोधायचं. कपड्याला इन्सुलिनचा तो औषधी वास आला तर कुठेतरी गळतंय समजायचं. नवीन सेट लावताना सुईच्या टोकाला थेंब दिसेपर्यंत ट्युब भरायची, ही सवय तिच्या हाताला पहिल्या दिवसापासून लागू दे. पेन, किटोनच्या पट्ट्या, एक जास्तीचा सेट आणि एए बॅटरी दप्तरात कायम.

आणखी एक, आपल्याकडे मेडिकलमध्ये एका मिलीला 40 युनिटची इन्सुलिनची बाटली पण मिळते आणि 100 ची पण. पंपात 100 चंच लागतं. बाटलीवरचं वाचून घ्या, दुकानदारावर सोडू नका.

उन्हाळ्यात घामाने टेप सुटतो हा त्रास मला इथे एप्रिल-मे मध्ये होतोच, जळगावच्या उन्हात तर जास्त होईल. वर चिकटवायचा पॅच मिळतो, पण तिच्या कातडीला चालतो का ते आधी बघा.

आणि सईला विचारलंस का? यंत्र तिच्या अंगावर राहणार, शाळेत मुली विचारणार, वर्गात अलार्म वाजणार. तिला नको असेल तर वर्षभर थांबा, नुसता सेन्सर लावून पेनवरच राहा, त्यानेही रात्रीचा बराच घोर कमी होतो. डॉक्टरांशी बोलून पंप आठवडाभर ट्रायलवर मिळतो का तेही विचार.

येत्या सुट्टीत तिला घेऊन नाशिकला ये. मी सेट बदलतो ते तिला समोर बसून बघू दे, हवं तर रिकामा सेट तिच्या हातात देईन, आणि तिला जे विचारायचं असेल ते तिने मलाच विचारावं, तू आणि वहिनी तेवढा वेळ बाहेर फिरून या. येताना तिची शुगरची वही आण.

तुझा,
बाळ्या