आप्पा, आईचं नाव सातबाऱ्यावर लावा

तीर्थरूप आई-आप्पांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर डाळिंबाचं, पावसाचं, आप्पांच्या गुडघ्याचं सगळं बोलून झालं आणि जे बोलायचं होतं तेच राहिलं. आप्पांसमोर अजूनही माझी जीभ अडखळते, म्हणून लिहिते. आई, आप्पांचं वाचून झालं की तूही वाच. तुझंच आहे सगळं.

आप्पा, डिसेंबर 1971 मध्ये तुमची मराठा लाइट इन्फंट्रीची जंगी पलटण ब्रह्मपुत्रा ओलांडून पूर्व पाकिस्तानातल्या जमालपूरच्या मागचा रस्ता अडवून बसली होती, हे आपल्या गावात शाळेतल्या पोरांनाही पाठ आहे. दर 26 जानेवारीला तुम्ही बोलायला उभे राहता तेव्हा माझा ऊर भरून येतो. पण त्याच दिवसांत इकडे घरी काय चाललं होतं, ते कुठल्याच भाषणात येत नाही. आईला सासरी येऊन जेमतेम सहा महिने झाले होते. पुढचं साल बहात्तरचं. अख्ख्या माणदेशात पेरलेलं उगवलं नाही. आई आजीबरोबर दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. सुकडी खायची, लाल मिलो ज्वारीची भाकरी खायची. तिच्या डाव्या अंगठ्यावरचा वण त्या खडीचा आहे. तुमची मनीऑर्डर यायची, आजी ती देवापुढं ठेवायची. विहिरीतला गाळ मात्र आईनंच काढला, टोपल्या डोक्यावरून वाहून.

तुम्ही 1968 ला भरती झालात आणि 1985 ला हवालदार म्हणून पेन्शनवर आलात. मधली सतरा वर्षं ही सहा एकर जमीन कुणी कसली?

शेजारच्यानं बांध कोरला तेव्हा खुरपं हातात धरून बांधावर आडवी उभी राहिली तीसुद्धा आईच. तुम्ही रजा काढून आलात, कोर्टात गेलात आणि तारीख पडली रजा संपल्यानंतरची. तुम्हीच सांगितलंय मला, त्या वेळी आर्मी ॲक्टमधलं 32 वं कलम तुम्हाला ठाऊक असतं तर! जवानाची रजा संपायच्या आत कोर्टानं शक्यतो दावा निकाली काढावा, असं कायद्यात लिहिलंय आणि गावात ते कुणालाच माहीत नव्हतं. त्या रागातून तुम्ही पस्तिशीत पुन्हा पुस्तकं हातात घेतलीत. कंदिलाच्या काचेवरची काजळी मी पुसायची, एवढं मला आठवतं. 1992 ला वकिलीची सनद मिळाली. तेव्हापासून रजेवर आलेल्या एकाही जवानाकडून तुम्ही फी घेतली नाहीत.

आणि बायकांचं तर मी डोळ्यांनी पाहिलंय. हक्कसोडपत्रावर सही करायला भाऊ बहिणीला घेऊन यायचा. तुम्ही आधी तिला खुर्चीत बसवायचात, कागद वाचून दाखवायचात, "बाई, ह्यानं तुझा हिस्सा जातो, कळलं का?" असं दोनदा विचारायचात. दोनचार भाऊ तुमच्यावर कायमचे रुसले.

तुम्हाला सनद मिळाली त्याच वर्षी सरकारनं लक्ष्मीमुक्तीचं परिपत्रक काढलं. नवऱ्यानं नुसता अर्ज केला की सातबाऱ्यावर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं. तुम्ही कितीतरी घरांचे असे अर्ज लिहून दिलेत. आपल्या घरचा राहिला, आप्पा.

मी एकदा विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, सगळं तिच्याच तर हातात आहे. खरंय, हातात आहे. पण ताब्यात असणं आणि कागदावर असणं वेगळं, हे पक्षकारांना समजावताना मी तुम्हालाच ऐकलंय. सोसायटीत पीककर्जाला गेलं की तिला विचारतात, मालक कुठं आहेत. पन्नासहून जास्त वर्षं रान कसलेल्या बाईला!

आई, तू आता म्हणशील, मला काय करायचंय नाव लावून. मला हवंय. तलाठ्याच्या कागदावर तुझं पूर्ण नाव वाचायचंय मला.

येत्या शनिवारी मी येतेय. सोमवारी तलाठ्याकडे जाऊ. अर्ज मात्र आप्पा, तुमच्याच अक्षरात हवा. आईचं आधार कार्ड तुमच्या काळ्या पेटीत आहे, पलटणीच्या फोटोखाली. काढून ठेवा.

तुमची,
थोरली