औषधांइतकेच त्या समजावण्याबद्दल आभार

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

लेकाची छाती आता मोकळी आहे. औषधांबद्दल आभार आहेतच, पण हे पत्र खास श्वासनलिका कशी अरुंद होते हे दाखवायला तुम्ही कागदावर काढलेल्या त्या दोन वर्तुळांसाठी.

सर्दी झाली की पाठोपाठ छातीत घरघर, श्वास सोडताना शिट्टीसारखा आवाज, बरगड्यांखाली पडणारे खड्डे. जो तो म्हणायचा, "पोराची प्रतिकारशक्ती कमी आहे, टॉनिक द्या." तुम्ही सांगितलंत, ती कमी नाही, ती लढतेय आणि त्या लढाईतच नळी अरुंद होतेय. आरएसव्ही किंवा ऱ्हायनोव्हायरस यांसारखा सर्दीचा विषाणू श्वासनलिकेच्या अस्तरात शिरला की तिथल्या पेशी रासायनिक संदेश सोडतात, पांढऱ्या पेशी धावून येतात, अस्तर सुजतं, कफ वाढतो. मोठ्यांचं एवढ्याने बहुधा सर्दी-खोकल्यावर निभावतं. लहान मुलाची नळी मुळातच बारीक. त्रिज्या निम्मी झाली तर हवेला होणारा अडथळा जवळपास 16 पट! तुमची वर्तुळं पाहिली आणि त्याची ती रात्रभरची धाप मला पहिल्यांदा कळली.

आईकडून मिळालेली प्रतिपिंडं (रोगाशी लढणारी प्रथिनं) पहिल्या काही महिन्यांत ओसरतात, स्वतःची हळूहळू तयार होतात, म्हणून या वयात वर्षाला सहा-आठ वेळा सर्दी होणं नवल नाही, हेही तुम्हीच सांगितलंत. ॲलर्जीकडे कल असलेल्या मुलांत सूज जास्त रेंगाळते, म्हणून घरात कुणाला दमा किंवा इसब आहे का, कुणी सिगारेट ओढतं का, हे तुम्ही आडपडदा न ठेवता विचारलंत. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही म्हणून ते लिहून दिलं नाहीत. बाहेर रांग असताना त्यामागचं कारणही सांगितलंत, याचं मला फार मोल वाटतं.

मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. एक ते पाच वर्षांच्या मुलात चाळीस किंवा त्याहून जास्त भरले तर दाखवायला आणायचं. ओठ निळसर दिसले किंवा खड्डे पडू लागले तर मोजत बसायचंच नाही, हे आता घरात सगळ्यांना पाठ आहे.

सासूबाईंनाही समोर बसवून तुम्ही तितक्याच आदराने समजावलंत. टॉनिकचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. स्पेसरचा, म्हणजे पंपातलं औषध श्वासावाटे घ्यायच्या नळकांड्याचा, मास्क चेहऱ्याला नीट टेकला पाहिजे, झडप हलताना दिसली पाहिजे, हे आता त्याच मला सांगतात.

आपली कृतज्ञ,
तुमच्या एका छोट्या पेशंटची आई