आशाताई, श्वास मोजायला शिकवलंत

आदरणीय आशाताई,

सप्टेंबर २०२० मध्ये, कोरोनाच्या काळात, 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम सुरू झाली आणि वस्तीतल्या आशा आरोग्यसेविका म्हणून तुम्ही तापमापक आणि रक्तातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिमीटर घेऊन दारोदार फिरू लागलात. पुढे दुसऱ्या लाटेत दवाखाने भरलेले असताना, आजारी लेकरू घरीच सांभाळणाऱ्या आईबापांना तुम्ही जे शिकवलंत, त्यासाठी हे पत्र.

सगळ्यांत मोठे आभार श्वास मोजायला शिकवल्याबद्दल. मूल शांत किंवा झोपलेलं असताना झबलं वर करायचं, पोटाकडे बघायचं आणि पूर्ण एक मिनिट मोजायचं. पंधरा सेकंद मोजून चौपट केलं की चुकतं, कारण तान्ह्या बाळाचा श्वास एका लयीत चालत नाही. रडताना किंवा दूध पिताना मोजलं तर आकडा उगाच वाढतो. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६०, वर्षाच्या आत ५०, पाच वर्षांपर्यंत ४० किंवा त्याहून जास्त भरले, तर दवाखाना गाठायचा. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, तर मोजत बसायचंच नाही, निघायचं.

ऑक्सिमीटरचंही तसंच. मोठ्यांचा चिमटा चिमुकल्या बोटावर सैल बसतो, आकडा भलताच कमी दिसतो आणि घर हादरतं. हात चोळून गरम करा, नेलपॉलिश पुसा, अंगठ्याला लावून बघा, आकडा स्थिरावू द्या. तरीही ९४ च्या खाली राहिला तर थांबू नका, हे तुम्ही प्रत्येक दारात सांगितलंत.

पॅरासिटॅमॉलची बाटली तुम्ही उजेडात धरून वाचायला लावायचात, आणि ते फार गरजेचं होतं. ५ मिलीत १२५ मिग्रॅ आणि ५ मिलीत २५० मिग्रॅ अशी दोन्ही सिरप मिळतात. थेंबांचं औषध तर आणखी तीव्र. किलोमागे १५ मिग्रॅ धरलं, तर दहा किलोच्या मुलाला पहिलं ६ मिली लागतं, दुसरं ३ मिलीच. घरचा चमचा नको, बाटलीसोबतचं माप घ्या. दोन डोसांत चार ते सहा तास, दिवसात चारहून जास्त नाहीत, आणि वेळ वहीत लिहायची, म्हणजे आईने दिलेला डोस आजी पुन्हा देत नाही.

जुलाबात ओआरएसचं मोठं पाकीट अख्खं एक लिटर पाण्यात, पेलाभर पाण्यात नाही. दाट झालं तर जुलाब वाढतात. उलटी झाली की दहा मिनिटं थांबून पुन्हा चमचा-चमचा.

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या कोरोनाच्या औषधांच्या यादीतलं स्टेरॉइड मुलांना देऊ नका, हे तुम्ही ठाम सांगितलंत. कोरोना बरा झाल्यावर दोन ते सहा आठवड्यांत पुन्हा ताप, लाल डोळे, पुरळ, पोटदुखी दिसली तर लगेच दाखवा, हेही.

मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशभरातल्या आशांचा गौरव केला. तुमचा मोबदला मात्र वेळेवर आणि पुरेसा मिळायला हवा, हे आम्ही ग्रामसभेत बोलत राहू.

पावसाळ्यात लहानग्यांचा खोकला वाढतो. अंगणवाडीत नव्या आयांना श्वास मोजायला शिकवाल ना? सेकंदकाट्याचं घड्याळ आम्ही आणून ठेवतो.

तुमच्या वस्तीतले आईबाप